धकाते सरांची ‘माहीत नाही’ वही

धकाते सरांची आणि माझी पहिली ओळख झाली तेव्हा माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, नाक लाल झालं होतं आणि शिक्षकखोलीतले सगळे सहकारी पोट धरून हसत होते. गौरवग्रंथातल्या लेखाची सुरुवात अशी करू नये, हे मला कळतं. समितीच्या पत्रात ‘सरांचे कार्य, मूल्ये व व्यक्तिमत्त्व यांवर प्रकाश टाकावा’ असं स्वच्छ लिहिलं आहे. पण सरांच्या अमृतमहोत्सवासाठी लिहायचं आणि घडलं तसं लिहायचं नाही, हे माझ्याच्याने होणार नाही. तसं केलं तर सर ग्रंथ मिटून ठेवतील आणि मला फोन करून विचारतील, “मॅडम, हे तुम्ही पाह्यलं काय?”

हा प्रश्न सरांच्या परिचितांना नवा नाही. ज्यांना ते केवळ सेवानिवृत्त मुख्याध्यापक म्हणून ठाऊक आहेत त्यांच्यासाठी थोडं सांगते. श्री. नामदेव धकाते हे नागपूरच्या नंदनवनमधल्या आमच्या शाळेत आयुष्यभर विज्ञान शिकवत आले आणि शेवटची काही वर्षं मुख्याध्यापकही होते. मी, कल्पना गजभिये, तिथे रुजू झाले तेव्हा माझ्या बी.एड.च्या प्रमाणपत्राची शाईही वाळली नव्हती. मला आठवीचं विज्ञान मिळालं होतं आणि डोक्यात एक समजूत पक्की बसली होती: शिक्षकाला एखादं उत्तर आलं नाही, तर मुलं त्याच्या डोक्यावर मिऱ्या वाटतात.

पहिल्याच आठवड्यात भिवापूरहून मामाकडे शिकायला आलेल्या एका मुलीने विचारलं, “मॅडम, मिरचीत तिखट कुठं असते?” मी जराही न थांबता म्हटलं, “बियांमध्ये.” एवढ्यावर भागलं नाही, फळ्यावर मिरचीची आकृती काढली आणि बियांकडे ठसठशीत बाण दाखवला. सर व्हरांड्यातून चालले होते. ते दारात थांबले, बाणाकडे पाहिलं आणि पुढे गेले.

मधल्या सुट्टीत त्यांनी मला हाक मारली. त्यांच्या डब्यात भाकरीसोबत एक हिरवी मिरची होती. ती कागदावर ठेवून ते म्हणाले, “बियांत तिखट असते म्हणून सांगितलं तुम्ही. पाह्यलं काय?”

“पुस्तकात आहे सर,” मी ठोकून दिलं. पुस्तकात तसं काहीही नव्हतं.

“पुस्तकवाल्यानं पाह्यलं असन. तुम्ही पाह्यलं काय?”

मग त्यांनी ब्लेडने मिरची उभी चिरली. दोन बिया काढल्या, नळाखाली स्वच्छ धुतल्या, एक स्वतः चावली आणि एक मला दिली. बी जवळजवळ बेचव होती. नंतर ज्या पांढुरक्या गाभ्याला बिया चिकटलेल्या असतात त्याचा एक बारीक तुकडा त्यांनी ब्लेडच्या टोकावर उचलला आणि म्हणाले, “आता हे. पण जपून.” जपून वगैरे माझ्या स्वभावात नव्हतं. मी तो सगळाच जिभेवर ठेवला. पुढचं पहिल्या वाक्यात सांगून झालं आहे.

पाणी पिऊन पिऊन मी शुद्धीवर आले तेव्हा सरांनी एक जाडजूड वही माझ्यापुढे ठेवली. वेष्टनावर सुंदर अक्षरात लिहिलं होतं: ‘माहीत नाही’. ही वही शिक्षकखोलीच्या टेबलावर कायम असे. मुलांच्या ज्या प्रश्नाचं उत्तर शिक्षकाला येत नाही तो प्रश्न तिच्यात लिहायचा, विचारणाऱ्या मुलाचं नाव लिहायचं, आणि उत्तर मिळालं की ते कुणी, काय करून शोधलं तेही लिहायचं. नुसतं उत्तर चालत नसे. माझा प्रकार थोडा निराळा होता. मला येत नव्हतं हेच मला ठाऊक नव्हतं. पण त्याचीही सोय सरांनी केली होती. वहीच्या मागच्या बाजूला ‘चुकीचे सांगितले’ असा वेगळा भाग होता आणि त्यातल्या पहिल्या तीन नोंदी सरांच्या स्वतःच्या होत्या. त्या वाचल्या तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला.

मी माझी नोंद लिहिली. शेवटचं वाक्य सरांनी सांगितलं: ‘वरील निरीक्षण एकाच मिरचीचे आहे, त्यावरून निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल.’ सर बोलतात अस्सल नागपुरी आणि लिहितात असं कडक इस्त्रीचं मराठी. त्यांच्या प्रत्येक नोंदीच्या शेवटी हे वाक्य असायचं, फक्त मिरचीच्या जागी कधी पणती असे, कधी मुंगी, कधी गळका नळ.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात उभी राहून “काल मी चुकीचं सांगितलं” असं म्हणाले. वाटलं होतं, आभाळ कोसळेल. काही कोसळलं नाही. ती भिवापूरची मुलगी शांतपणे म्हणाली, “मले मालूम होतं मॅडम. आमच्या घरी मिरच्या चिरून चिरून हात जळते ना.”

“मग काल का नाही बोललीस?”

“तुम्ही तं मॅडम ना!”

हे मी सरांना सांगितलं, तेव्हा ते हसले नाहीत. “हे लिहून ठेवा,” एवढंच म्हणाले. मी लिहिलं नाही. नोंद झाली होती, आणखी काय लिहायचं, असं मला वाटलं. आमच्या घरात धम्मदीक्षा घेतलेल्या आजोबांनी एकच नियम घालून दिला होता: कुणी सांगितलं म्हणून मानायचं नाही. तो नियम शाळेत आल्यावर मी चपलांसोबत बाहेर काढून ठेवत होते, हे कळायला मला पुष्कळ वर्षं लागली.

सरांच्या या पाहण्याच्या वेडाचं मूळ उमरेडला आहे. त्यांचं घर विणकरांचं. वडील हातमागावर रेशीमकाठी धोतरं विणत. गावात पहिला यंत्रमाग आला तेव्हा इतर विणकर त्याला शिव्या देत होते आणि सरांचे वडील मात्र आठ दिवस रोज सकाळी त्या शेडच्या दारात उभे राहून यंत्र पाहत होते. नवव्या दिवशी त्यांनी मुलाला सांगितलं, “ते आपल्याहून लय जोरात चालते. पण धागा तुटला तरी चालतच राहते. आपला हात थांबतो.” पुढे त्यांचा माग बंद पडायचा तो पडलाच. सर ही गोष्ट गहिवरून वगैरे सांगत नाहीत. मी एकदा न राहवून विचारलं, तेव्हा म्हणाले, “बाबा रडले ना. पण आधी पाहून आले, मंग रडले.”

त्यामुळे शाळेत कुठलंही नवं यंत्र आलं की सर त्याच्यापुढे तसेच उभे राहत. संगणक आले तेव्हा आमच्याकडे त्यांचा देव्हारा झाला होता. खोलीला कुलूप, खिडक्यांना पडदे, चपला बाहेर, आणि मुलांनी हाताची घडी घालून दुरून दर्शन घ्यायचं. मुख्याध्यापक झाल्यावर सरांनी पहिल्याच महिन्यात एक बंद पडलेला संगणक प्रयोगशाळेच्या टेबलावर आणवला आणि नववीच्या मुलांना पेचकस देऊन म्हणाले, “खोला.” आम्ही शिक्षक धास्तावलो. मुलांनी तो पार सुटा केला. आतल्या पंख्यावर एवढी धूळ निघाली की एका मुलाने विचारलं, “सर, याले बी गरमी होते काय?” तो प्रश्न वहीत गेला आणि त्याचं उत्तर शोधण्यात आमचा अख्खा उन्हाळा गेला.

निवृत्तीच्या थोडं आधी भिंतीवरचा डिजिटल फळा आला. त्याच्या प्रशिक्षणाला सर पहिल्या बाकावर वही-पेन घेऊन बसले होते. प्रशिक्षक तरुण होता, बोलण्यात तरबेज. शेवटी त्याने शंका विचारल्या. सरांनी विद्यार्थ्यासारखा हात वर केला. “लाइट गेली तं यावर खडूनं लिहिता येते काय?” तो बिचारा गोंधळला. सर त्याची फिरकी घेत होते असं सगळ्यांना वाटलं, मलाही. पण त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. येत नाही असं कळल्यावर त्यांनी डिजिटल फळ्याचं मनापासून स्वागत केलं आणि त्याच्या शेजारचा काळा फळा मात्र काढू दिला नाही. नागपुरातली मे महिन्यातली वीज ज्यांनी अनुभवली आहे त्यांना हा निर्णय समजावून सांगावा लागणार नाही.

सरांनी माझ्यावर केलेले उपकार मोजायला बसले तर समितीला दुसरा खंड काढावा लागेल. एकच सांगते. टाळेबंदीत माझे यजमान आजारी पडले आणि आम्ही दोघं घरात वेगवेगळ्या खोल्यांत कोंडलो गेलो. शाळा मोबाइलवर, नवरा भिंतीपलीकडे, आणि मी रात्रंदिवस बातम्या पाहत बसलेली. सरांचा रोज संध्याकाळी पाच वाजता फोन यायचा. त्यांनी एकदाही ‘घाबरू नका’ म्हटलं नाही. ते फक्त विचारायचे, “आज खिडकीतून काय पाह्यलं?” पहिल्या दिवशी माझा संताप झाला. माझ्यावर काय प्रसंग, आणि यांचं काय चाललंय! मी फटकन म्हटलं, “काही नाही.” ते म्हणाले, “बरं. उद्या सांगा.” दुसऱ्या दिवशी त्यांना सांगायला काहीतरी हवं म्हणून मी खिडकीशी गेले. समोरच्या कडुनिंबावर कावळ्याने घरटं बांधायला घेतलं होतं आणि त्यात काड्यांसोबत वायरीचा एक लाल तुकडा होता. पुढचे दिवस मी त्या घरट्याच्या आधारावर काढले, असं म्हटलं तर अतिशयोक्ती होणार नाही. यजमान बरे झाले. सरांचे आभार मानले, तर ते म्हणाले, “ते वायरवालं घरटं वहीत लिहा.”

पण वही कुठे होती? इथे मला सरांविषयी नाही, स्वतःविषयी लिहावं लागणार आहे, आणि त्याशिवाय सरांविषयीचं हे लिखाण पुरं होणार नाही. सरांच्या निवृत्तीनंतर वही माझ्याकडे आली होती. काही वर्षं मी ती चालवली. मग प्रत्येकाच्या हातात मोबाइल आला. प्रश्न आला की अंगठा फिरवायचा, उत्तर हजर. ‘माहीत नाही’ असं लिहायची वेळच येईना. एका उन्हाळ्यात टेबलं रंगवायला काढली, तेव्हा मी एकीमागून एक करत तेरा झालेल्या त्या सगळ्या वह्या ग्रंथालयाच्या खालच्या कप्प्यात नेऊन ठेवल्या आणि विसरून गेले. सरांनी कधी विचारलं की “आहे ना, चालू आहे” म्हणायचे. हे त्यांना या लेखातून पहिल्यांदा कळेल. कदाचित आधीच माहीत असेल.

दोन-अडीच वर्षांपूर्वी सरांच्या नातीने त्यांच्या मोबाइलवर प्रश्नांची उत्तरं देणारं ते नवं यंत्र बसवून दिलं. मी महाल भागातल्या त्यांच्या घरी गेले होते, तर सर लहान मुलासारखे त्याच्याशी बोलत बसलेले. त्यांनी विचारलं होतं, उमरेडच्या धोतराचा काठ विणताना विणकर पायाने काय करतो? यंत्राने झकास उत्तर दिलं होतं, मुद्देसूद, आदबशीर. सरांनी ते मला मोठ्याने वाचून दाखवलं आणि डोळे बारीक करून म्हणाले, “सगळं चूक आहे. पण बोलते किती गोड!” त्यांनी यंत्राला पुन्हा विचारलं, “तुम्ही पाह्यलं काय?” यंत्राने क्षमा मागितली आणि तितक्याच गोडीने दुसरं चुकीचं उत्तर दिलं. सरांना कोण आनंद झाला! “मॅडम, याले ‘माहीत नाही’ म्हणताच येत नाही. हे तं तुमच्यासारखं निंघालं, नवीन आल्या होत्या तेव्हासारखं. चांगलं आहे, शिकन.” मीही खूप हसले. हसून घरी गेले आणि काहीही शिकले नाही.

त्याच वर्षी नववीच्या मुलांकडून मी ‘माझ्या घरातले यंत्र’ या विषयावर निबंध लिहून घेतले. त्यातला एक निवडून पाठवायचा होता, आणि निवडलेल्या विद्यार्थ्याला दिवाळीच्या सुट्टीत एका विज्ञान शिबिराला जायला मिळणार होतं. प्राची शेंडे नावाची मुलगी माझ्या वर्गात होती. मागच्या बाकावर बसणारी, विचारल्याशिवाय न बोलणारी. तिचे वडील ई-रिक्षा चालवतात. तिने रिक्षाच्या बॅटरीवर लिहिलं होतं: थंडीच्या सकाळी ती लवकर का उतरते, उड्डाणपूल चढताना काय होतं, उन्हात उभी राहिल्यावर काय होतं. निबंध इतका नेटका होता की मी वाचता वाचता ताठ बसले. आणि शेवटी वाक्य होतं: ‘वरील निरीक्षण एकाच रिक्षाचे आहे, त्यावरून निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल.’

वाचकहो, तुम्ही ओळखलंत. मी ओळखलं नाही. वाक्य ओळखीचं वाटलं खरं, पण त्यामुळे माझा संशय उलट बळावला: हे कुठेतरी वाचलेलं आहे, म्हणजे उचललेलं आहे. मजकूर माणसाने लिहिला की यंत्राने हे सांगणारं एक सॉफ्टवेअर तेव्हा आमच्याकडे सगळे वापरत होते. मी त्यात निबंध टाकला. पडद्यावर लांबलचक लाल पट्टी आली. झालं, माझी खात्री पटली.

मी तिला भर वर्गात उभं केलं. “हे तू लिहिलंस की मोबाइलने?”

“मी लिहिलं मॅडम.”

“बोलताना मले-तुले म्हणतेस, आणि लिहिताना एकदम निष्कर्ष काढतेस?”

वर्ग हसला. प्राची खाली बसली. मीही घरी आईशी मले-तुलेच बोलते, हे त्या क्षणी मला आठवलं नाही. शिबिराला दुसऱ्याच मुलाचं नाव गेलं.

पुढे महिनाभराने सर दाताच्या दवाखान्यातून घरी जायला ई-रिक्षात बसले. चालकाच्या मागे दोरीने एक कॅलेंडरचं पान टांगलेलं होतं आणि त्यावर प्रत्येक तारखेच्या चौकटीत बारीक अक्षरात फेऱ्या मांडलेल्या होत्या. मध्येच एका तारखेनंतर सगळ्या चौकटी कोऱ्या होत्या. सरांसारखा माणूस गप्प बसणं शक्यच नव्हतं. “हे काय लिहून राहिले गा?”

“मी नाही, माही पोरगी लिहीत होती सर. आता बंद केलं तिनं.”

“काहून?”

त्यांनी सांगितलं. शाळेचं नाव सांगितलं, मॅडमचंही सांगितलं.

संध्याकाळी सरांचा फोन आला. “मॅडम, एका पोरीची गोष्ट आयकली. मले अर्धीच माहीत आहे. तुम्ही पाह्यलं काय?”

“सर, मी तपासलं होतं. सॉफ्टवेअरने स्पष्ट दाखवलं.”

“त्यानं पाह्यलं असन. तुम्ही पाह्यलं काय?”

खरं सांगते, मला राग आला. पंचवीस वर्षं शिकवल्यावर पुन्हा मिरची चाखायला लावतात, असं वाटलं. मी काहीतरी बोलून फोन ठेवला. पण तो प्रश्न काही मला सोडेना. मी पाहिलं नव्हतं. निबंध पाहिला, पट्टी पाहिली. मुलीकडे पाहिलं नव्हतं. पुढच्या रविवारी सकाळी मी सरांना फोन करून म्हटलं, “चला.”

नंदनवनमागच्या एका गल्लीत दोन खोल्यांचं घर. तिच्या आईने चहा ठेवला. सर कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले. प्राचीने न सांगता स्वयंपाकघरातून कॅलेंडरं आणली, वर्षभराची, पानांच्या पाठीमागेही नोंदी असलेली. मी ती उलटत गेले. एका पावसाळी दिवशी तिने लिहिलं होतं, ‘आज मोजता आले नाही, बाबा आजारी.’ असं कुठलं यंत्र लिहील?

“तू मला त्या दिवशी हे का नाही सांगितलंस?” मी विचारलं.

“तुमच्या मशीननं सांगितलं होतं ना मॅडम. मंग माह्यं कोण आयकते?”

“आणि ही भाषा कुठे शिकलीस?”

“लायब्ररीतल्या वह्यातून. खालच्या कप्प्यात आहेत. मधल्या सुट्टीत वाचते मी. सर सगळीकडे शेवटी तसंच लिहिते.” ती थांबली. मग माझ्याकडे न पाहता म्हणाली, “तुमचं मिरचीचं बी वाचलं. ‘चुकीचे सांगितले’मधलं. म्हणून मले वाटलं, तुम्ही पाहूनच बोलसान.”

मी पुष्कळ वर्षांपूर्वी शिक्षकखोलीत रडले होते ते मिरचीने. या वेळी मिरची नव्हती. सरांनी चहाचा कप माझ्या बाजूला सरकवला. ती मुलगी ज्या माणसांच्या लिखाणातून लिहायला शिकली, त्यांच्यातलीच एक मी होते, आणि माझंच वाक्य मी तिच्या तोंडावर चोरी म्हणून फेकलं होतं. मला त्या क्षणी भिवापूरची मुलगी आठवली. ‘तुम्ही तं मॅडम ना.’ सर म्हणाले होते लिहून ठेवा, आणि मी ठेवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी त्याच वर्गात उभी राहून माफी मागितली. तेरावी वही वर आणून ‘चुकीचे सांगितले’मध्ये सगळं लिहिलं, नावासकट, हसलेल्या वर्गासकट. भिवापूरच्या मुलीचं राहिलेलं वाक्यही लिहिलं. पण शिबिर तोवर होऊन गेलं होतं. त्याची भरपाई माझ्याकडे नव्हती आणि आजही नाही. सर मला म्हणाले, “ते भरून निंघत नाही मॅडम. लक्षात ठेवा, बस.” या माणसाने मला कधी खोटा धीर दिला नाही, आणि मी त्यांची सर्वांत जास्त ऋणी असेन तर याच गोष्टीसाठी.

आता वही पुन्हा शिक्षकखोलीच्या टेबलावर आहे, चौदावी. मोबाइलही तिच्याशेजारीच असतो. मुलं यंत्राचं उत्तर वहीत लिहितात, त्याखाली ‘पाहिले का?’ असा रकाना आहे. काही वेळा यंत्राचं बरोबर निघतं, आणि तेही आम्ही लिहितो. प्राची आता अकरावीत आहे, दर रविवारी सरांकडे जाते. मागच्या वर्षी तिच्या वडिलांनी रिक्षाला नवी बॅटरी बसवली, तेव्हा तिने सरांना विचारलं, बॅटरी म्हातारी होते म्हणजे तिच्यात नेमकं काय होतं? सरांनी सांगितलं, “मले माहीत नाही. पाहू.” नव्या बॅटरीच्या पहिल्या दिवसापासून दोघांनी नोंदी सुरू केल्या आहेत. बॅटरीने जीव सोडेपर्यंत त्या ठेवायच्या आहेत, आणि दुकानदाराच्या म्हणण्यानुसार त्याला काही वर्षं लागतील. नोंदीच्या वर निरीक्षक म्हणून दोन सह्या आहेत, एक सोळा वर्षांच्या मुलीची, एक पंचाहत्तर वर्षांच्या सरांची.

सरांच्या गुडघ्यांची अलीकडे तक्रार असते. डोळ्यांचं एक ऑपरेशन झालं. त्या वेळी आत काय काय करणार हे त्यांनी डॉक्टरांकडून कागदावर काढून घेतलं होतं. त्यांना दीर्घायुष्य लाभो, प्रकृती ठणठणीत राहो, असं मी इथे मनापासून लिहिते आहे. पण त्यात माझा स्वार्थ आहे हे लपवत नाही. अजून पुष्कळ वेळा मी न पाहता बोलणार आहे, आणि तेव्हा संध्याकाळी फोन वाजायला हवा.

हा लेख समितीकडे देण्याआधी मी प्राचीला वाचायला दिला. तिच्याविषयी आता काहीही तिने पाहिल्याशिवाय लिहायचं नाही, असं मी ठरवलं आहे. तिने दोन ठिकाणी दुरुस्त्या सुचवल्या. त्या केल्या आहेत. शुभेच्छांचा शेवट मला काही केल्या जमत नव्हता. लेख परत आला तेव्हा शेवटच्या पानाखाली तिने पेन्सिलने एक ओळ लिहिलेली होती. ती तशीच ठेवते:

‘वरील निरीक्षण केवळ पंचाहत्तर वर्षांचे आहे, त्यावरून निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल.’